चुलवाणावर ठेवलेला आवाज

"ह्यांचं म्हणणं हाय, डबा उघडा, पण जपून," लीलाआक्का म्हणाल्या.

सयाजीरावांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त काउंटरवरच्या स्टीलच्या डब्याकडं बोट केलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या गळ्याकडं नेलं. गळ्याला पांढरा मलमलचा रुमाल, रुमालाखाली श्वासाचं भोक. दिवाळीनंतरच्या ऑपरेशनात स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून त्यांच्या वतीनं आक्काच बोलत. भाषांतर बरंचसं बरोबर असायचं. उरलेलं त्या पदरचं घालायच्या.

राजारामपुरीतल्या जिन्याखालच्या दुकानात वर्षाराणीनं डबा उघडला. डबा लाडवांचा. आत जुन्या धोतराचा तुकडा, त्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कडुलिंबाची वाळलेली पानं, आणि पानांत पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण चपटी अशी काळी डिस्क.

"कडुलिंब?"

"कीड लागू नये म्हणून," आक्का म्हणाल्या.

बिघडलेल्या डिस्कांमधून लोकांचे फोटो, हिशोब, लग्नं बाहेर काढणं हाच वर्षाराणीचा धंदा. काउंटरवर लोक काय काय आणून ठेवतात ते तिनं पाहिलं होतं. ती हसली नाही. पानं तिनं नीट कागदावर काढून ठेवली.

"यात काय आहे, काकू?"

"ह्यांचा आवाज," आक्का म्हणाल्या. मागं उभ्या असलेल्या दणकट माणसाकडं वळून त्यांनी पुस्ती जोडली, "आन ह्यो आमचा पुतण्या, अमरसिंह. डिस्क ह्यानंच दिलती. त्येला इचारा."

अमरसिंहनं छताच्या पंख्याकडं बघायला सुरुवात केली.

सयाजीराव कोडोलीचे. पोटासाठी घरचं गुऱ्हाळ, आणि जिवासाठी कुस्तीचं मैदान. ते लढणारे नव्हेत, बोलणारे. गावोगावच्या जत्रेत मैदान भरलं की निवेदनाला सयाजीरावच लागायचे. आखाड्यात पोरगं उतरलं की त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, त्याच्या आज्यानं कुणाला कुठल्या डावावर पाडलं होतं, सगळं एका दमात यायचं. एकदा ऐन निकाली कुस्तीच्या आधी वीज गेली. माईक मेला. दिवस मावळतीला आलेला, लोक उठायला लागले. सयाजीराव मातीत उतरले आणि नुसत्या गळ्यावर बोलत राहिले. वीज येईपर्यंत एक माणूस हलला नाही. त्या मैदानाचं नाव काढलं की लोक अजून कुस्ती कुणी जिंकली ते विसरतात आणि सयाजीरावांचं सांगतात.

हे सगळं अमरसिंहनं कॅमेऱ्यात धरलं होतं. तो लग्नाचं आणि जत्रांचं शूटिंग करायचा. कोरोनाच्या आदल्या साली त्यानं चुलत्याची सगळी मैदानं एका डिस्कवर भरून घरी आणून दिली.

"आण्णा, ही नव्या तऱ्हेची. हिच्यात फिरणारं काय बी न्हाय. हातातनं पडली तरी भ्यायचं कारण न्हाय. फकस्त सारखं लिहू-पुसू नका. त्येनं झिजती."

बाकीचं सयाजीरावांच्या डोक्यावरून गेलं. 'झिजती' एवढं डोक्यात बसलं. लग्नातला कोट त्यांनी उभ्या आयुष्यात मोजक्या वेळा घातला होता, कारण कोट झिजतो. नवी छत्री पावसात न्यायची नाही, कारण छत्री झिजते. ते म्हणाले, "मग वापरायचीच कशाला? ठिवू की जपून."

जपून म्हणजे कुठं? कोडोलीत पाऊस लागला की भिंतीला ओल येते, चपलेला बुरशी धरते, कॅमेऱ्याच्या काचेत पांढरी जाळी होते. घरात एकच जागा अशी, जिथं ठेवलेलं कधी नासलं नाही. गुऱ्हाळातला माळा. खाली चुलवाण, म्हणजे रस उकळायची भट्टी. चिपाडं ढोसून पेटवली की वरच्या फळ्या तळपायाला चटका देतात. बियाणं तिथं, मिरच्या तिथं, सगळ्यांचे शाळेचे दाखलेही तिथंच. आवाजही तिथंच गेला.

पुढं महापुरात अमरसिंहच्या स्टुडिओत पाणी शिरलं. कंप्युटर, कॅसेटा, जुन्या डिस्का, सगळा चिखल झाला. सयाजीराव गावभर सांगत सुटले, "ह्येचं सगळं गेलं, आन आमचा माळा बघा!"

म्हणूनच ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, "काका, घरच्यांसाठी थोडा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, नंतर मिळणार नाही," तेव्हा सयाजीराव घोगरं हसले होते.

"डॉक्टरसाहेब, तीस वर्सांचा आवाज माज्या माळ्यावर हाय. आता ह्यो फुटका पत्रा कशाला भरून ठिवू?"

आक्का शेजारीच होत्या. त्यांनाही ते पटलं. रेकॉर्ड काहीच केलं नाही.

हे सगळं वर्षाराणीनं ऐकून घेतलं, बरंचसं आक्कांकडून, थोडं पंख्याकडं बघणाऱ्या अमरसिंहकडून. लोकांनी मोबाइलवर काढलेले तुकडे होते म्हणे, पण त्यात हलगी आणि शिट्ट्याच जास्त. आणि परवा माळ्यावरून डबा उतरवून डिस्क लॅपटॉपला लावली, तर लॅपटॉपनं ती ओळखलीच नाही. फार झटापट केल्यावर एक भलतंच नाव दाखवलं, आणि आत जागा किती, तर शून्य.

"काकू, एक सांगा. माळ्यावर म्हणजे नक्की कुठं?"

"चुलवाणावर."

"पेटलेल्या?"

"मग काय इझलेल्या? गुऱ्हाळ हाय आमचं."

वर्षाराणीचा हात डिस्कवर थांबला. सयाजीरावांनी तो थांबलेला हात पाहिला. उभं आयुष्य पैलवानांचे हात वाचण्यात गेलेला माणूस. त्यांनी आक्कांच्या दंडाला हळूच स्पर्श केला.

"ह्यांचं म्हणणं हाय, काय ते सरळ सांगा."

"सांगतो की," वर्षाराणी म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'करतो, बघतो'च बोलतात, त्यात तिचं वेगळं काही नव्हतं. "जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरायची. बिघडायला लागली की खरखरायची, आपल्याला कळायचं. ही बोलत नाही. हिच्यात सगळं बारक्या-बारक्या कप्प्यांत विजेच्या रूपात कोंडलेलं असतं. वीज न लावता नुसती पडून राहिली की ते हळूहळू पाझरतं. आणि जागा गरम असली तर लवकर पाझरतं."

"माठागत," आक्का म्हणाल्या.

"होय, माठागतच."

"आन आमी माठ चुलीवर ठिवला."

सयाजीरावांनी तळहात कपाळावर मारला. चांगला खणखणीत.

"झिजती म्हणलतो मी," अमरसिंह पुटपुटला. "माळ्यावर ठिवा म्हणलं न्हवतं."

"तू गप. कोट काढून दिलास आन घडी कशी घालायची ते सांगितलं न्हायस."

"काकू, त्याचं खोटं नव्हतं," वर्षाराणी मध्ये पडली. "लिहून-लिहून झिजते हे खरं आहे. पण ते झिजायला फार लिहावं लागतं. आणि काकांनी कोरडी जागा बघितली तेही बरोबरच. फक्त कोरडं पुरत नाही. हिला अधूनमधून वीज पाजायला लागते."

"पैलवानागत," आक्का म्हणाल्या. "खुराक बंद झाला की गडी बसला."

सयाजीरावांनी मान हलवली. उपमा त्यांना आवडली असावी. या अवस्थेतही.

"बरं, मग कप्पं फोडून बघा की आतलं. कायतरी ऱ्हायलं आसंल," आक्का म्हणाल्या.

"तसं होत नाही. आत कप्प्यांवर एक मुकादम असतो, कंट्रोलर म्हणतात त्याला. समजा, तुमच्या गुळाचे रवे, ढेपा गोदामात ठेवल्यात. कुठला रवा कुठल्या थप्पीत, ते मुकादमालाच ठाऊक. आणि हा मुकादम रवे एका जागी ठेवतही नाही, सारखे हलवतो, म्हणजे एकच कोपरा झिजू नये. वर प्रत्येक थप्पीला त्याच्याच हातचं कुलूप. तो गेला तर गोदाम भरलेलं असूनही आपल्याला काही सापडत नाही."

"मग दुसरा मुकादम आणा."

"ह्याच्या खुणा त्याला कळत नाहीत."

"म्हंजे ह्यो मेला?"

"मेला का नुसता बेशुद्ध, ते बघायला पाहिजे. त्याच्या स्वतःच्या खुणाही त्याच कप्प्यांत असतात. त्याच पुसट झाल्या असतील तर तो उठल्यावर गोंधळतो आणि भलतंच नाव सांगतो. तुम्हाला दाखवलं तसं." ती सयाजीरावांकडं वळली. "काका, खोटा भरवसा देत नाही. कधी उठतो, कधी नाही उठत."

सयाजीरावांनी दोन्ही हात जोडले आणि डिस्क तिच्याकडं सरकवली. याचं भाषांतर आक्कांनी केलं नाही.

वर्षाराणीनं डिस्कला फक्त विजेची वायर लावली. कंप्युटरला जोडणारी दुसरी वायर तिनं मुद्दाम बाजूला ठेवली.

"आता?"

"आता काही नाही. हात लावायचा नाही."

"नुसती वीज दिऊन बसायचं? ह्ये कसलं औषध?"

"मुकादम शुद्धीवर आला तर आपला आपण गोदामात फिरून खुणा जुळवतो. कंप्युटर जोडला की कंप्युटर सारख्या हाका मारतो, हे दे, ते दे. त्यानं तो आणखी गोंधळतो. म्हणून एकटं सोडायचं."

"आमच्यात बी असंच करत्यात," आक्का म्हणाल्या. "भोवळ आलेल्याच्या भोवतीनं गर्दी करू दित न्हाईत. सरका रे, वारा यिऊ द्या."

आणि त्यांनी खरोखरच अमरसिंहला दुकानाबाहेर काढलं.

दोघं तिथंच बसून राहिले. "जेवून या, तालमीकडं चक्कर मारून या, अंबाबाईला जाऊन या," असं सगळं सांगून झालं. आक्कांनी पिशवीतून भाकरी काढली. सयाजीरावांना पातळ पिठलं चमच्यानं दिलं, वर्षाराणीला भाकरीवर खर्डा दिला, आणि तिचे डोळे पाणावल्यावर समाधानानं म्हणाल्या, "शहरातलं खाऊन जीभ मऊ पडलीया तुमची."

खाता खाता वर्षाराणीनं विचारलं, "काकू, तुम्ही तर मैदानं प्रत्यक्ष ऐकली असतील की. आठवतंय का काही?"

"मी?" आक्का हसल्या. "बायका कुठं जात्यात मैदानाला, बाय? गावच्या जत्रेत कर्णा लागायचा, पर आमचं घर पार शिवेवर. वाऱ्यावर नुसता गुंईऽऽ आवाज यायचा, शब्द कळायचा न्हाय. बायका म्हणायच्या, आक्का, तुमचं मालक पेटलं बगा. मी भाकऱ्या थापत म्हणायची, पेटू द्या, आल्यावर इझवती." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "घरात बोलत्यात त्येच आयकलं जलमभर. मीठ कमी हाय. बैल कुठं हाय. अमऱ्या आला का. मैदानातलं ह्यांचं बोलणं सगळ्या जिल्ह्यानं आयकलंय. मीच आयकल्यालं न्हाय."

सयाजीराव जमिनीकडं बघत होते.

दुपार कलल्यावर वर्षाराणीनं दुसरी वायर जोडली. तिघंही पडद्यावर वाकले. अमरसिंह दारातून.

पडद्यावर तेच भलतं नाव. आणि शून्य.

कुणी काही म्हणायच्या आत सयाजीराव उठले. लाडवाच्या डब्यात त्यांनी धोतराचा तुकडा ठेवला, पानं ठेवली, डिस्कसाठी हात पुढं केला. चेहरा असा, की शेवटची कुस्ती संपली, माणसं पांगली, आता मांडव सोडायचा. आक्का बोलायला गेल्या.

"ह्यांचं म्हणणं हाय..."

आणि थांबल्या. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना भाषांतर सुचलं नाही.

"काका, बसा," वर्षाराणी म्हणाली. "कुस्ती निकाली आहे का गुणांची? पाठ लागल्याशिवाय मैदान सोडायचं असतं का? एका बैठकीत झालं नाही म्हणून झालंच नाही असं नाही. राहू दे माझ्याकडं. पुन्हा वीज काढतो, पुन्हा लावतो. चार वेळा करतो."

सयाजीरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग डबा बंद केला, डिस्कविनाच, आणि काखेत मारून बाहेर पडले. डिस्क काउंटरवर राहिली.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी फोन हातातून खाली ठेवला नाही. म्हशीचं दूध काढतानाही तो पदरात बांधलेला. कधी नव्हे ते सयाजीराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. फोन वाजला तेव्हा आक्का इतक्या मोठ्यानं "बोलाऽऽ" म्हणाल्या, की दावणीची म्हैस दचकली.

"काकू, नाव आलं."

"कुणाचं?"

"डिस्कचं. तिनं स्वतःचं खरं नाव सांगितलं. आणि जागाही बरोबर दाखवती. मुकादम उठला."

आक्कांनी तोंडावर पदर घेतला. सयाजीराव दोन ढांगांत जवळ आले, भुवया वर.

"उठला!" आक्का ओरडल्या. "अवो, मुकादम उठला!"

सयाजीरावांनी मांडीवर असा षड्डू ठोकला की शेजारच्या वाड्यातून कुणीतरी विचारलं, "काय पडलं रं?"

पण वर्षाराणीचं अजून संपलं नव्हतं. "आता हळू काढावं लागणार. मुकादम अजून अशक्त आहे. जो कप्पा वाचत नाही, त्याच्यापाशी अडून बसायचं नाही, पुढं जायचं, मग मागं यायचं. दमला की थांबायचं. लगेच येऊ नका, मी सांगतो तेव्हा या."

ती सांगेपर्यंत कोण थांबतंय? रोज कुणी ना कुणी यायचं. एकदा अमरसिंह चिक्कीवजा गूळ घेऊन आला आणि पंख्याकडं न बघता बराच वेळ बसला. "ताई, किती आलं?" "येतंय." "आण्णा चुलवाणाजवळ जाईनात आता. गुळव्याला सांगत्यात, तूच बघ." "का?" "काय म्हाईत. लाज वाटती आसंल." वर्षाराणी म्हणाली, "त्यांना सांग, पुस्तकं शिकलेली माणसंपण असल्या डिस्का कपाटात टाकतात आणि विसरतात. मीसुद्धा एक विसरलेली. फक्त माझ्याकडं चुलवाण नव्हतं."

शेवटी तिनं बोलावलं. दोघं आले, अमरसिंह मागं. आक्कांनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, हिरवं. सयाजीरावांच्या अंगात चक्क लग्नातला कोट.

"सगळं नाही मिळालं," वर्षाराणीनं आधीच सांगितलं. "दोन-तीन मैदानं पूर्ण गेली. काहींत मधे-मधे भोकं आहेत. चित्र बऱ्याच ठिकाणी फाटलंय. पण आवाज पुष्कळ आलाय. पुष्कळ, काका."

तिनं एक फाइल लावली.

पडद्यावर आधी हिरवे चौकोन सांडले. चौकोनांमधून कुणाचा तरी अर्धा फेटा, लाल मातीचा एक तुकडा, हलगीवाल्याचा नुसताच हात. आणि मग,

"बसून घ्या, पावणं, बसून घ्या! मागची माणसं काय तुमच्या पाठी बघायला आल्यात व्हय? आता बघा, पोरगं उतरतंय. लहान हाय म्हणू नका. इंचू बी लहान असतोय. ह्येच्या आज्यानं ह्याच मातीत, ह्याच जागंवर, ढाक लावून आसमान दावलंतं. डोळ्यात तेल घाला मंडळी, डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल हाय!"

दुकान भरून गेलं. बाहेर रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि मान आत घातली. सयाजीरावांचा हात रुमालावर गेला होता. आपलाच गळा जाग्यावर आहे का, ते बघावं तसा.

आक्का पुतळ्यागत बसल्या होत्या. कुस्ती कुणी जिंकली ते त्यांना कळलं नसावं. शब्द कळत होते, एकेक.

"शेवटचा गडी अजून लंगोट बांधतोय म्हणं," आवाज पुढं म्हणाला, आता जरा सैलावलेला, गर्दीला कुशीत घेणारा. "तंवर एक सांगतो. आमच्या घरात बी एक मल्ल हाय. तालीम बघितली न्हाय, मातीला पाय लागला न्हाय. पर लगीन झाल्यापासनं मला रोज चितपट करती! पंच कोण? तीच. निकाल कोण देती? तीच!"

मैदान हसलं. हशा कोंडलेल्या दुकानात धबाधबा पडला. आक्कांचा चेहरा लाल झाला.

"ह्ये सगळ्या जिल्ह्याला सांगत हिंडलासा व्हय? आन घरी येऊन म्हणायचासा, काय न्हाय, कुस्त्याच झाल्या!"

सयाजीराव खुर्चीत शक्य तितके लहान झाले. कोटासकट.

"खरं सांगू?" आवाज एकदम खाली आला. "एवढी माणसं आयकत्यात मला. ती एक कधी मैदानाला आल्याली न्हाय. आली, तर..."

कट्ट. हिरवा चौकोन. आवाज गेला, आणि पुन्हा आला तेव्हा पुढची कुस्ती सुरू झालेली.

"तर काय?" आक्कांनी पडद्याला विचारलं.

"तेवढं नाही मिळालं, काकू," वर्षाराणी म्हणाली. "पाच-सहा वेळा प्रयत्न केला. तो कप्पा पार कोरडा आहे."

आक्का नवऱ्याकडं वळल्या. "तर काय वो? काय म्हणलासा?"

सयाजीरावांचे ओठ हलले. हात उठले, हवेत थोडे फिरले, खाली आले. आक्का बघत राहिल्या. मग डोळे पुसून हसल्या.

"ऱ्हाऊ द्या. घरी जाऊन सांगा. आता कसली गडबड हाय?"

जुनी डिस्क वर्षाराणीनं निवृत्त केली. आवाजाच्या आता वेगवेगळ्या प्रती आहेत. एक घरी, एक अमरसिंहकडं, एक इंटरनेटवर. घरच्या डिस्कचं तिनं निक्षून सांगितलंय की गार जागी ठेवा आणि अधूनमधून वीज लावा. 'अधूनमधून' आक्कांना पटलं नाही. जोतिबाचा वार कशाला आहे? दर रविवारी, म्हशींचं झालं की डिस्क जोडली जाते. माळ्यावर आता बियाणं आणि मिरच्या.

सयाजीराव शेजारी बसून आपल्याच निवेदनातल्या चुका काढतात. "ह्यांचं म्हणणं हाय," आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "त्या पोराचा वस्ताद दुसरा हुता, हित्तं चुकलं." परवा मात्र पैलवानाच्या डावाचं भाषांतर त्यांनी असं काही केलं, की सयाजीरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

आणि मग ती जागा येते. "आली, तर..." कट्ट. आक्का तिथं डिस्क थांबवतात आणि नवऱ्याकडं बघतात. सयाजीराव दर रविवारी वेगळी खूण करतात. आक्का दर रविवारी तिचा वेगळा अर्थ लावतात, आणि आजवर एकही अर्थ त्यांनी कुणाला सांगितलेला नाही.